गारगोटीचे रंग

अंधाऱ्या खोलीत, डोक्यावरून पांघरूण घेऊन, दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर जोराने घासण्याचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी खेळला असेल. घासताच त्या दगडांच्या पोटात क्षणभर एक फिकट उजेड पेटतो आणि विझतो. नाकाला काहीसा जळका वास येतो. ठिणगी बाहेर उडत नाही; जो काही प्रकाश असतो तो दगडाच्या आतच राहतो. नदीकाठच्या फुकटच्या दगडात हे काय दडले आहे, असे मला तेव्हा वाटे. पुढे खनिजशास्त्र शिकलो, बरीच वर्षे शिकवलेही. पण त्या आश्चर्याची जागा दुसऱ्या कशाने घेतली असे म्हणवत नाही. आज या गारगोटीविषयी, आणि विशेषेकरून तिच्या रंगांविषयी, आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम तिच्या नावाकडे पाहू. आपल्या मराठीत आकाशातून पडते ती गार, शेतात पायाला बोचते तीही गार आणि हाताला थंड लागते तेही गारच. या तीन शब्दांचे नाते किती सख्खे आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. परंतु बर्फाशी या दगडाची सांगड घालणारे आपण एकटेच नव्हेत. ग्रीक लोक स्फटिकाला ज्या नावाने ओळखत, त्या नावाचा अर्थच मुळी बर्फ असा होता. आणि पहिल्या शतकात होऊन गेलेल्या प्लिनी या रोमन ग्रंथकाराची अशी समजूत होती, की पुन्हा कधीही न वितळण्याइतके जे पाणी गोठले तेच स्फटिक झाले. समजूत चुकीची, पण निरीक्षण खोटे नाही. स्वच्छ स्फटिक गालाला लावून पाहावा. काचेपेक्षा तो थंड लागतो, कारण आपल्या अंगची उष्णता तो काचेपेक्षा लवकर ओढून घेतो. खरा मणी आणि काचेचा मणी यांतला भेद ओळखण्याची ही एक सोपी परीक्षा आहे.

शास्त्रात ज्याला क्वार्ट्झ म्हणतात, त्याचीच ही सगळी रूपे. सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, एवढेच त्याचे घटक. नदीची वाळू बहुतांशी तीच. ग्रॅनाइटच्या खडकात चमकणारे काचेसारखे दाणे तेच. देव्हाऱ्यातले स्फटिकाचे शिवलिंग आणि जपाच्या माळेतला स्फटिकमणी हेही तेच. मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठिणपणाची जी मोजपट्टी घालून दिली, तीत हिऱ्याला दहा गुण आणि क्वार्ट्झला सात. चाकूच्या पात्याने तिच्यावर ओरखडा उठत नाही. उलट ती काचेवर सहज ओरखडा काढते. हा कठिणपणा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या साध्या दगडाने शास्त्राला दोन मोठे धडे दिले आहेत. १६६९ साली स्टेनो या डॅनिश पंडिताने दाखवून दिले, की क्वार्ट्झचा स्फटिक लहान असो वा मोठा, जाड असो वा किडकिडीत, त्याच्या समान बाजूंमधला कोन कधी बदलत नाही. दगडाच्या अंतरंगात काही शिस्त आहे, याची ती पहिली खूण होती. दुसरा धडा १८८० सालचा. पियेर आणि जाक क्युरी या दोघा भावांना असे आढळले, की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला असता त्याच्या पृष्ठावर विद्युत्‌भार उत्पन्न होतो. उलट, त्याला विजेचे स्पंदन दिले की तो ठरावीक गतीने कंप पावू लागतो. आपल्या मनगटावरच्या घड्याळात अशाच स्फटिकाची एक चिमुकली चकती सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत असते आणि त्या थरथरीवरून घड्याळ काळ मोजते. नभोवाणीच्या प्रक्षेपकालाही आपली लहर सोडून भरकटू न देण्याचे काम असाच स्फटिक करतो. म्हणजे माझा आवाज आपणांपर्यंत पोहोचण्यात गारगोटीचा हात आहे. आज या कामासाठी लागणारे स्फटिक कारखान्यातच वाढवितात, हा भाग वेगळा.

शुद्ध क्वार्ट्झला रंग नसतो. आपल्या पूर्वजांना या रंगहीनतेचेच मोल मोठे वाटे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मुंबईजवळच्या सोपारा येथील स्तूप खणला, तेव्हा त्यांना एका दगडी पेटीत एकात एक घातलेले करंडक मिळाले: तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा. सोन्याला अगदी लगटून बसण्याचा मान तेथे स्फटिकाला मिळाला होता.

मग रंग येतो कोठून? याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर, अशुद्धतेतून. जांभळ्या रंगाचा जो जंबुमणी, त्याच्या घडणीत कोठे कोठे सिलिकॉनच्या जागी लोहाचा अणू येऊन बसलेला असतो. लाखो अणूंत असे उपरे अणू मूठभरच. परंतु आसपासच्या खडकांतून निघणाऱ्या मंद किरणोत्सर्गाचा मारा त्यांच्यावर लक्षावधी वर्षे होत राहतो आणि त्यांची स्थिती पालटून दगडाला वांग्याच्या सालीचा किंवा पिकल्या जांभळाचा रंग चढतो. ग्रीकांनी या मण्याला ‘मद न चढू देणारा’ अशा अर्थाचे नाव दिले आणि त्याच्या पेल्यातून मद्य प्याले तरी झिंग येत नाही असा समज करून घेतला. हाच मणी चारपाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविला तर त्याचा जांभळा रंग जातो आणि तो पिवळा किंवा तांबूस पिवळा होतो. निसर्गतः पिवळा असा क्वार्ट्झ विरळा. बाजारात त्या नावाने जे खडे मिळतात त्यांतील पुष्कळसे मूळचे जांभळेच असतात. बोलिव्हिया देशात तर निसर्गानेच असा चमत्कार करून ठेवला आहे, की एकाच स्फटिकाचा अर्धा भाग जांभळा आणि अर्धा पिवळा.

लोहाऐवजी ॲल्युमिनियमचा अणू शिरला आणि त्यावर तोच किरणोत्सर्ग झाला, की धुराने भरल्यासारखा करडा वा तपकिरी क्वार्ट्झ तयार होतो. गुलाबी क्वार्ट्झचा रंग बहुधा त्याच्या अंतरंगात विखुरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या गुलाबी तंतूंचा असतो. दक्षिण भारतात सापडणारा हिरवा ॲव्हेंच्युरीन क्रोमियमयुक्त अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांमुळे चमकतो. दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या ‘व्याघ्रनेत्र’ दगडात सोनेरी पट्टा हलताना दिसतो, तो रेशमाच्या लडीप्रमाणे समांतर बसलेल्या तंतूंवरून प्रकाश परतल्यामुळे. कोवळ्या पालवीच्या रंगाचा क्रिसोप्रेज निकेलमुळे हिरवा झालेला असतो. या यादीत एकही रंग क्वार्ट्झचा स्वतःचा नाही. प्रत्येक रंग पाहुण्याचा आहे. जवाहिरा ज्याची किंमत करतो, त्याला रसायनशास्त्रज्ञ ‘मळ’ म्हणतो, एवढाच काय तो दोघांत फरक.

आता आपल्याच भूमीकडे वळू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला भेगा पडून तप्त रसाचे पूर वाहिले. त्यांचे थरावर थर बसून जो काळा कातळ झाला, तो आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याची आणि वेरूळची लेणी, देशावरची काळी माती, ही सारी त्याचीच देणगी. भाकरी फुगावी तसे त्या रसात वायूचे बुडबुडे फुगले आणि रस थिजल्यावर त्यांच्या पोकळ्या तशाच राहिल्या. नंतरच्या काळात खडकातून झिरपणारे सिलिकायुक्त पाणी त्या पोकळ्यांत साचत गेले. जेथे वाव मिळाला तेथे टोकदार स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक आणि पुणे या भागांतील खाणींत सुरुंगाने कातळ फुटला, की कधी कधी आतून अशी एखादी लखलखती गुहा उघडी पडते. जेथे कण अतिसूक्ष्म राहिले तेथे अकीक झाला. अकीकाच्या पोटात कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकाआड एक रंगांच्या पट्ट्या असतात. त्या नेमक्या कशा पडतात, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप पूर्ण एकमत झालेले नाही.

उत्तर प्रदेशातील बांदा येथे केन नदीच्या पात्रात जो अकीक मिळतो, त्याला ‘शजर’ म्हणतात. शजर म्हणजे झाड. दगड कापून घासला, की आत फांद्यापानांसह एखादे काळे झाड उभे असल्यासारखे दिसते. वास्तविक ते झाड नव्हे. दगडातील भेगांतून झिरपलेल्या मँगॅनीज व लोह यांच्या संयुगांची ती नक्षी आहे. अकीकाचा आणखी एक प्रकार नुसत्या डोळ्यांना फिकट आणि साधा दिसतो. पण त्याची पातळ चकती दिव्यासमोर धरली, की तीतून इंद्रधनुष्याचे सगळे रंग उमटतात. त्याच्या पट्ट्या इतक्या बारीक आणि एकमेकींच्या इतक्या जवळ असतात, की प्रकाश त्यांतून जाताना फुटतो. खड्यांचा आणि शंखशिंपल्यांचा मोठा संग्रह बाळगणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या रंगदार अकीकाचा अभ्यास करून १९५३ साली आपल्या सहकाऱ्यासमवेत त्यावर निबंध प्रसिद्ध केला होता.

कातळ झिजला तरी अकीक झिजत नाही. म्हणून पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांनी दख्खनच्या पठारातून सुटलेले अकीकाचे गोटे वाहून नेऊन गुजरातेत, भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरात, थरांनी साचविले. तेथे विहिरीसारखे उभे खड्डे खणून ते काढतात. रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाचे हे संत अकीकाच्या धंद्याचे पालक मानले जातात. रतनपूरहून हे गोटे जातात खंबायतेस, आणि या दगडाचा खरा इतिहास तेथे घडला आहे.

हा इतिहास साडेचार हजार वर्षांमागे पोहोचतो. खंबायतच्या आखातालगत असलेल्या लोथल येथे १९५५ पासून जे उत्खनन झाले, त्यात मणी घडविण्याचा एक कारखानाच मिळाला. तयार, अर्धवट आणि मोडलेले शेकडो मणी तेथे पडलेले होते. सिंधू संस्कृतीच्या घडणीचे लांबट तांबडे मणी थेट इराकमधील उर या नगरीच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. चार-पाच इंच लांबीच्या, इतक्या कठीण दगडातून आरपार सरळ भोक पाडणे ही गोष्ट सोपी नव्हे. त्या काळच्या दगडी अणीचा सामता करून अभ्यासकांनी प्रयोग केला, तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडले. एका मण्यामागे कित्येक दिवस! पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात उज्जयिनीहून भडोचच्या बंदरात येणाऱ्या अकीकजातीच्या दगडांचा उल्लेख एका ग्रीक प्रवासवर्णनात आढळतो. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज प्रवासी बार्बोसा यानेही या धंद्याविषयी लिहून ठेवले आहे.

काही वर्षांपूर्वी हा धंदा डोळ्यांनी पाहावा म्हणून मी खंबायतेस गेलो होतो. गोटे प्रथम उन्हात वाळवितात, मग मातीच्या मडक्यांत भरून शेणाच्या वा लाकडाच्या भुशाच्या मंद आचेवर तापवितात. हळद्या मातकट रंगाचा दगड आत गेला, की बाहेर येताना रक्तासारखा तांबडा होऊन येतो. दगडात लोहाचा जो पिवळा गंज असतो त्यातले पाणी आचेने उडून जाते आणि तांबडा गंज उरतो, एवढीच त्यामागची किमया. त्यानंतर कारागीर जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी पहार समोर घेऊन बसतो. तिच्या टोकावर दगड टेकवून धरतो आणि म्हशीच्या शिंगाच्या हलक्या हातोड्याने त्यावर टिचकी मारतो. ढलपी उडते ती हातोड्याकडून नव्हे, पहारेच्या टोकाकडून. तासाभरात ओबडधोबड गोट्याला मण्याचा घाट येतो. मग घासणे, मग हिरकणीच्या अणीच्या सामत्याने भोक पाडणे आणि शेवटी झिलई. हातांच्या त्या हालचाली पाहताना लोथलच्या कारागिराचे हात यांहून फार वेगळे नसावेत असे मनात आले.

ज्या वृद्ध गृहस्थांनी मला हे सारे दाखविले, ते भोक पाडणारे होते. पाण्याची धार धरून सामता चालवीत त्यांचा जन्म गेला होता. शेजारच्या खोपटात विजेवर फिरणाऱ्या कुरुंदाच्या चाकावर एक तरुण मणी घासत होता. पांढरी धूळ त्याच्या केसांवर, पापण्यांवर, तोंडाला गुंडाळलेल्या फडक्यावर साचली होती. त्याच्याकडे पाहून म्हातारबुवा मला हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, भोक पाडणारा म्हातारा होतो. घासणारा होत नाही.” एवढे बोलून ते पुन्हा सामत्याकडे वळले. हे वाक्य मी त्यानंतर विसरू शकलेलो नाही.

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. क्वार्ट्झ कोरडा घासला, की त्याचे इतके सूक्ष्म कण हवेत उडतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ती पांढरी धूळ त्यामानाने निरुपद्रवी. न दिसणारे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीरातील रक्षक पेशी त्यांना गिळतात, परंतु ज्या कठिणपणापुढे चाकू हरतो त्याला पेशी काय विरघळविणार? त्या पेशीच मरतात, तेथे वण धरतो, आणि वणांवर वण साचत जाऊन फुप्फुस दगडासारखे ताठर होते. सिलिकोसिस म्हणतात तो हा रोग. त्यावर औषध नाही. धुळीपासून दूर गेल्यानंतरही तो वाढू शकतो, आणि क्षयाला तो दार उघडून देतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे अनेक कामगार याच रोगाने तरुण वयात दगावले. ज्या पेन्सिलीने आपल्यापैकी कित्येकांनी पहिला श्रीगणेशा गिरविला, तिच्यामागेही ही धूळ होती.

कोणी म्हणेल, कायदा नाही काय? कायदा होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसचा समावेश नोंद करावयाच्या रोगांत केला होता. परंतु कारखाना म्हणजे वीज वापरणारे निदान दहा कामगार, अशी त्याची व्याख्या. खोपटातले चाक एकाचे वा दोघांचे. ते कारखान्यात कसे मोडावे? काम अंगावर दिलेले, मालक दूर, पगारपत्रक नाही. तेव्हा माणूस खोकत मेला तरी तो कोणाच्या नोकरीत मेला, हे सिद्ध करणे त्याच्या विधवेला अशक्य होई. अनेकदा चाक घराच्या ओसरीतच असते, आणि बायकामुलांच्या श्वासातही तीच धूळ जाते.

वास्तविक यावरचा उपाय काही अवघड नाही. चाकावर पाण्याची धार सोडली, तर धूळ उडण्याऐवजी चिखल होऊन खाली बसते. चाकाच्या मागे हवा ओढून घेणारा पंखा आणि नळी बसविली, तर उरलेलीही पुष्कळशी बाहेर जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची तपासणी करून नेमके हेच सुचविले आहे. तरी कोरडी चाके फिरत राहतात, कारण ओल्या चाकावर काम सावकाश होते आणि मजुरी तर नगावर मिळते. पंख्याचा खर्च करावयाचा कोणी, हा प्रश्न मालक कारागिरावर टाकतो, कारागीर दैवावर.

श्रोतेहो, या दगडाचे कौतुक आपण सोडावे असे मला सुचवावयाचे नाही. खंबायतच्या माणसांनाही ते नको आहे. त्यांना धंदा बंद व्हावयास नको, श्वास हवा आहे. माझ्या मेजावर त्या वृद्धाने दिलेला एक तांबडा मणी आहे. उन्हात धरला की निखाऱ्यासारखा दिसतो. त्याचा रंग लोहाच्या कणांनी दिला, पाणी कारागिराच्या हाताने चढविले. मला त्याची किंमत फारच थोडी पडली. उरलेली कोणी चुकती केली, हे मी त्या खोपटात पाहून आलो आहे.

म्हणून शेवटी एकच विनंती. अकीकाची माळ, अंगठीतला खडा, मेजावरचे शोभेचे भांडे, यांतले काहीही घेताना दुकानदाराला रंगाविषयी विचाराल, भावाविषयी विचाराल. त्याबरोबर हेही विचारा, की हा ओल्या चाकावर घासला की कोरड्या? पहिल्या दिवशी त्याला उत्तर देता येणार नाही. परंतु शंभर गिऱ्हाइकांनी हाच प्रश्न केला, तर तो आपल्या व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापारी एखाद्या दिवशी त्या खोपटाच्या दारात जाऊन उभा राहील. त्या दिवशी तेथे पाण्याचा एक नळ जरी आला, तरी आपण विचारले ते पुष्कळ झाले, असे मी समजेन.